गेमची सेव्ह फाइल गेली? काहीही करण्याआधी हा क्रम वाचा

महिनोन् महिने खेळलेला गेम उघडला आणि 'कंटिन्यू' दिसायच्या जागी फक्त 'न्यू गेम' आलं, की बहुतेकांचे हात ठरलेल्या क्रमाने चालतात. गेम दोन-तीनदा बंद-चालू करायचा, मग अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकायचा, तरी जमलं नाही तर 'बघू तरी' म्हणून नवा खेळ सुरू करायचा. मदत मागायला येणाऱ्यांकडून सगळा घटनाक्रम काढून घेतला की बऱ्याचदा कळतं की सुरुवातीला फाइल संगणकात किंवा क्लाऊडवर शाबूत होती. ती खरी गेली त्यानंतरच्या अर्ध्या तासात, या खटपटींमध्ये. म्हणून इथे सगळा भर क्रमावर आहे. टप्पे गाळू नका आणि पुढचे आधी करू नका.

हा लेख मुख्यतः विंडोज संगणकावर खेळणाऱ्यांसाठी आहे, कारण स्वतःच्या हाताने सर्वात जास्त काही करता येतं ते तिथेच. मोबाइल आणि कन्सोलबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे. फाइल आणि फोल्डरची नावं मी देवनागरीत दिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची आहेत.

## टप्पा १: गेम बंद, नेट बंद

गेम चालू असेल तर मेन्यूवरूनच बाहेर पडा. 'न्यू गेम' दाबू नका. कित्येक गेम नवा खेळ सुरू होताच पहिलं ऑटोसेव्ह करतात, आणि ते जुन्याच जागेवर बसू शकतं.

लगेच वाय-फाय बंद करा किंवा केबल काढा. स्टीम, एपिक यांसारखे लाँचर (गेम विकत घ्यायची आणि चालवायची सॉफ्टवेअर) गेम बंद झाल्यावर सेव्ह फाइल क्लाऊडवर चढवतात. संगणकावरची फाइल रिकामी किंवा बिघडलेली असेल तर तीच वर जाऊन तिथली चांगली प्रत पुसली जाण्याचा धोका असतो. नेट बंद झालं की ही देवाणघेवाण थांबते.

या टप्प्यावर करू नये: गेम अनइन्स्टॉल करणं, 'व्हेरिफाय फाइल्स' चालवणं, मॉड (गेममध्ये बदल करणाऱ्या बाहेरच्या फाइल्स) काढणं किंवा घालणं, सीक्लीनरसारखी सफाई, विंडोज रीसेट. 'व्हेरिफाय' गेमच्या स्वतःच्या फाइल्स दुरुस्त करतं. तुमची सेव्ह फाइल कशी असायला हवी हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे ते ती परत आणू शकत नाही.

## टप्पा २: नेमकं काय झालंय?

'सेव्ह गेली' म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

फाइल आहे, पण गेमला दिसत नाही. ही शक्यता सर्वात आधी तपासा. दुसऱ्या विंडोज खात्यातून लॉगिन केलंय का? घरातल्या कुणीतरी स्टीमवर स्वतःचं खातं उघडून ठेवलंय का? आधी एपिकवर खेळत होतात आणि आता तोच गेम स्टीमवर घेतलाय का? अशा वेळी फाइल जागेवर असते, गेम मात्र दुसरीकडे बघत असतो.

याचा मोठा गुन्हेगार म्हणजे वनड्राइव्ह. विंडोज बसवताना 'फोल्डर बॅकअप'ला होकार दिला गेला की तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत जातं. पुढे कधी तो बॅकअप बंद केला की मूळ जागी रिकामं डॉक्युमेंट्स उरतं आणि सेव्ह फाइल्स वनड्राइव्हमधल्या डॉक्युमेंट्समध्ये पडून राहतात. डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह ठेवणारे सगळे गेम एकाच दिवशी 'कोरे' झाले असतील, तर दुसरीकडे कुठे जायच्या आधी हे बघा.

फाइलवर दुसरी फाइल बसली. धाकट्या भावाने त्याच स्लॉटमध्ये (सेव्हच्या कप्प्यात) नवा खेळ सुरू केला, किंवा क्लाऊडवरची जुनी प्रत खाली उतरली. फाइलचं नाव तेच, आतला मजकूर वेगळा.

फाइल बिघडली. सेव्ह होत असतानाच वीज गेली की असं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगच्या दिवसांत याच तक्रारी वाढतात. डिस्क काठोकाठ भरलेली असली तरीही अर्धवट फाइल लिहिली जाते. ओळखायची खूण म्हणजे फाइलचा आकार ० केबी दिसतो, किंवा आकार ठीक असतो पण हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्यावर आत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं असतात. अशा फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिच्यावर वेळ न घालवता जुनी प्रत शोधायला लागा.

फाइल डिलीट झाली. हाताने, सफाईच्या सॉफ्टवेअरने किंवा विंडोज नव्याने बसवताना.

## टप्पा ३: फाइल राहते कुठे?

आधी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेन्यूतून दोन गोष्टी चालू करा: लपवलेल्या फाइल्स दिसणं आणि फाइलच्या नावापुढचं एक्सटेन्शन दिसणं. एक्सटेन्शन लपलेलं असताना नाव बदललं की 'डॅट'ऐवजी 'डॅट.बॅक' असं काहीतरी तयार होतं आणि पुढे सगळं बरोबर करूनही गेम ती फाइल उचलत नाही. ही चूक फार जण करतात.

मग या जागा बघा:

- डॉक्युमेंट्स आणि त्यातलं माय गेम्स. स्कायरिमच्या सेव्ह माय गेम्समध्ये असतात, विचर ३ चं फोल्डर थेट डॉक्युमेंट्समध्ये.
- युजरच्या फोल्डरमधलं सेव्हड गेम्स.
- अ‍ॅपडेटा आणि त्यातली तीन फोल्डर: रोमिंग, लोकल आणि लोकललो. युनिटी इंजिनवर बनलेले बरेच गेम लोकललोमध्ये लिहितात. हॉलो नाइट तिथेच टीम चेरी या फोल्डरात सापडेल.
- स्टीमच्या फोल्डरमधलं युजरडेटा. आत तुमच्या खात्याचा आकडा, त्याच्या आत गेमचा आकडा, त्यात रिमोट.

अ‍ॅपडेटापर्यंत पोहोचायचा सोपा मार्ग: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये अ‍ॅपडेटा असं टाइप करून एंटर मारा. रोमिंग उघडेल, एक पायरी मागे आलात की बाकीची दोन दिसतील.

तुमचा गेम यात सापडत नसेल तर फोनवरून पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं पान उघडा. तिथे सेव्ह फाइलची जागा स्टीम, एपिक, मायक्रोसॉफ्ट स्टोअर अशी वेगवेगळी दिलेली असते. गुगलवरच्या पहिल्या व्हिडिओपेक्षा ही माहिती जास्त भरवशाची आहे.

## टप्पा ४: आहे त्या अवस्थेची प्रत काढा

सेव्हचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. 'कट' नको, 'कॉपी'. ते बिघडलेलं असलं, अर्धं रिकामं असलं, तरी करा. फोल्डरच्या नावात तारीख आणि 'मूळ अवस्था' लिहा. यापुढे जे काही कराल त्यात चूक झाली तर परत यायला हीच एक जागा आहे, म्हणून तिला पुन्हा हात लावायचा नाही.

फाइल डिलीट झाली असेल आणि फोल्डरच शिल्लक नसेल, तर हा टप्पा सोडा आणि सी ड्राइव्हवर नवीन काहीही न उतरवता टप्पा ७ कडे जा.

## टप्पा ५: गेमने स्वतः ठेवलेली जुनी प्रत

बरेच गेम नवीन सेव्ह लिहिताना आधीची फाइल नाव बदलून बाजूला ठेवतात. खेळणाऱ्याला मेन्यूत ती दिसत नाही, फोल्डरमध्ये मात्र असते. ही प्रत वापरायला कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही, तरीही लोक इथे न थांबता थेट रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधायला धावतात.

स्टारड्यू व्हॅली. रोमिंगमधल्या स्टारड्यूव्हॅली फोल्डरात सेव्ह्ज, त्यात तुमच्या शेतकऱ्याचं नाव आणि एक आकडा असलेलं फोल्डर. आत त्याच नावाची एक मोठी फाइल आणि सेव्हगेमइन्फो नावाची छोटी फाइल असते. शेजारी दोघींच्या शेवटी '_ओल्ड' जोडलेल्या प्रती दिसतील. त्या आदल्या सेव्हच्या, म्हणजे साधारण गेममधल्या एका दिवसाआधीच्या असतात. चालू जोडी बाहेर हलवा आणि जुन्या जोडीच्या नावातलं '_ओल्ड' काढा. दोन्ही फाइल्सचं काढायचं. एकीचंच काढून दुसरी विसरणं ही नेहमीची चूक. मोठ्या फाइलचं नाव आणि फोल्डरचं नाव अक्षरशः एकच राहिलं पाहिजे.

माइनक्राफ्ट जावा. डॉट-माइनक्राफ्ट फोल्डरातल्या सेव्ह्जमध्ये प्रत्येक वर्ल्डचं वेगळं फोल्डर असतं. वर्ल्ड यादीतून गायब झालं किंवा उघडत नाही, तर आतली लेव्हल.डॅट बिघडलेली असू शकते. शेजारची लेव्हल.डॅट_ओल्ड कॉपी करा आणि त्या कॉपीला लेव्हल.डॅट नाव द्या. घरं, खाणी, शेतं हे सगळं लेव्हल.डॅटमध्ये नसतं, जमिनीचा डेटा रीजन फोल्डरमधल्या एमसीए फाइल्समध्ये असतो. म्हणून लेव्हल.डॅट गेली तरी बांधकाम गेलं असं समजू नका. डॉट-माइनक्राफ्टमध्ये बॅकअप्स नावाचं फोल्डर आहे का तेही बघा. नव्या आवृत्तीत वर्ल्ड उघडताना बॅकअप घेण्याला तुम्ही कधी होकार दिला असेल तर तिथे झिप फाइल पडलेली असेल.

जीटीए ५. डॉक्युमेंट्समधल्या रॉकस्टार गेम्सखाली प्रोफाइल्समध्ये एसजीटीए५ ने सुरू होणाऱ्या फाइल्स असतात आणि त्यांच्याच नावाच्या डॉट-बॅक प्रती. बिघडलेली मूळ फाइल बाहेर काढा, डॉट-बॅकच्या प्रतीतून शेवटचं 'बॅक' काढा.

एल्डन रिंग. रोमिंगमधल्या एल्डनरिंग फोल्डरात, स्टीम आयडीच्या आकड्याखाली एसएल२ फाइल आणि तिची डॉट-बॅक प्रत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: तुमची सगळी पात्रं या एकाच फाइलमध्ये असतात. एका पात्रासाठी जुनी फाइल बसवली तर बाकीची पात्रंही त्या जुन्या वेळेला जातात.

तपासा: जुन्या प्रतीचा आकार चालू फाइलच्या जवळपास आहे का, आणि तारीख बिघाडाच्या आधीची आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर टप्पा ८ कडे जा.

## टप्पा ६: क्लाऊडमधली प्रत, पण फोनवरून

संगणकाचं नेट अजून बंदच ठेवा. फोनच्या ब्राउझरमधून स्टीमच्या साइटवर लॉगिन करा आणि खात्याच्या माहितीतून क्लाऊड स्टोरेजच्या पानावर जा. गेमची यादी, प्रत्येक फाइलचं नाव, आकार, तारीख आणि डाउनलोडची सोय तिथे आहे. प्रत चांगली वाटली तर फोनवर उतरवून घ्या आणि केबलने संगणकावर न्या. ही पद्धत मी आग्रहाने सांगतो, कारण स्टीम संगणकावर उघडलं की ते आधी दोन्हीकडच्या फाइल्स जुळवायला लागतं, आणि तो निर्णय तुमच्या हातातून जाऊ शकतो.

क्लाऊड आणि संगणकावरच्या फाइल्स जुळत नाहीत अशी खिडकी आली, तर घाईने बटण दाबू नका. लोक 'जास्त नवी तारीख' निवडतात आणि तिथेच फसतात. दहा मिनिटांपूर्वी चुकून सुरू झालेल्या कोऱ्या खेळाची तारीखच सर्वात नवी असते. तुम्ही शेवटचं नीट कधी खेळलात ती वेळ आठवा आणि तिच्याशी जुळणारी बाजू निवडा. खात्री नसेल तर 'कॅन्सल'.

फाइल वनड्राइव्हच्या फोल्डरात असेल तर वनड्राइव्हच्या साइटवर त्या फाइलची 'व्हर्जन हिस्टरी' बघा. डिलीट झालेली फाइल वैयक्तिक खात्याच्या रीसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते.

## टप्पा ७: डिलीट झालेली फाइल

आधी साधा रीसायकल बिन. मग सेव्ह फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. फाइल हिस्टरी (विंडोजची स्वतःची बॅकअपची सोय) चालू असली तरी ती मुळात अ‍ॅपडेटाची प्रत घेत नाही, त्यामुळे डॉक्युमेंट्समधल्या गेमला तिचा उपयोग जास्त.

विंडोज नुकतंच नव्याने बसवलं असेल तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड आहे का बघा. त्यातल्या युजर्समध्ये तुमचं जुनं डॉक्युमेंट्स आणि अ‍ॅपडेटा असू शकतं. विंडोज हे फोल्डर साधारण १० दिवसांनी आपणहून काढून टाकतं, म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

यानंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर. रेकुव्हाची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) आवृत्ती दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवरून चालवा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, पण कमांड लिहून चालवावं लागतं आणि सापडलेली फाइल दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवावी लागते. रेकुव्हा वापरतानाही तोच नियम पाळा. ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली त्याच ड्राइव्हवर सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे हरवलेल्या फाइलच्या जागेवर स्वतःच नवीन मजकूर लिहिणं.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर फाइल मिळण्याची बरी शक्यता असते. एसएसडीवर ती फार कमी असते, कारण फाइल डिलीट होताच विंडोज ट्रिम नावाची सूचना पाठवतं आणि एसएसडी त्या जागा मोकळ्या करून टाकते. एसएसडीवर तुमची फाइल नक्की परत आणतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका.

## टप्पा ८: सापडलेली फाइल परत बसवणे

फाइल मिळाल्याच्या आनंदात लोक ती थेट फोल्डरात टाकतात, स्टीम उघडतात, आणि क्लाऊडवरची कोरी फाइल तिच्यावर येऊन बसते. म्हणून:

1. नेट बंद असतानाच स्टीम ऑफलाइन उघडा. लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या जनरलमध्ये त्या गेमपुरतं स्टीम क्लाऊड बंद करा.
2. सेव्ह फोल्डरातल्या सध्याच्या फाइल्स बाहेर हलवा.
3. सापडलेली फाइल आत कॉपी करा. नाव, एक्सटेन्शन आणि फोल्डर गेमला हवं तसंच आहे ना ते एकेक अक्षर ताडून बघा. प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'ची खूण असेल तर काढा, नाहीतर पुढची सेव्ह होणार नाही.
4. गेम उघडा, खेळ लोड करा, थोडं चालून-फिरून बघा.
5. गेममधूनच नवीन स्लॉटमध्ये सेव्ह करा. स्लॉटची सोय नसेल तर पुढच्या ऑटोसेव्हपर्यंत खेळा. बाहेर पडून पुन्हा लोड करा.
6. हे जमलं तरच नेट आणि क्लाऊड चालू करा. जुळत नसल्याची खिडकी आली तर या वेळी संगणकावरची फाइल निवडा.

लोड होतंय पण सेव्ह होत नाही, असं झालं तर विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' बघा. ते चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहू पाहणाऱ्या गेमला अडवतं. गेमला तिथे परवानगी द्या.

## मोबाइल आणि कन्सोल

अँड्रॉइडवर सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे 'क्लिअर कॅशे'ऐवजी 'क्लिअर डेटा' दाबणं. कॅशे गेल्याने सहसा काही बिघडत नाही; डेटा गेला की फोनमधली सेव्ह जाते. अनइन्स्टॉलनेही तेच होतं.

बीजीएमआय किंवा फ्री फायरसारख्या ऑनलाइन गेमची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे खरा प्रश्न लॉगिनचा असतो. आधी कोणतं खातं जोडलं होतं ते आठवा. घरात दोन-तीन जीमेल खाती असतील तर एकेक करून बघा. 'गेस्ट' म्हणून खेळत असाल तर गेमच्या अधिकृत सपोर्टला प्लेअर आयडी आणि खरेदीच्या पावत्या पाठवा. गुगल प्लेचा जीपीए ने सुरू होणारा ऑर्डर नंबर खातं तुमचंच असल्याचा पुरावा म्हणून कामी येतो.

सावध: 'आयडी परत मिळवून देतो' म्हणत टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ओटीपी मागणाऱ्याला काहीही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

पीएस५ च्या स्वतःच्या गेमची सेव्ह पेन ड्राइव्हवर घेता येत नाही. बॅकअप हवा तर प्लेस्टेशन प्लसचं क्लाऊड लागतं. पीएस४ च्या गेमची सेव्ह मात्र यूएसबीवर निघते. एक्सबॉक्सवर क्लाऊड सेव्ह वेगळं शुल्क न देता मिळते. निन्टेन्डो स्विचची सेव्ह कार्डवर नसून कन्सोलच्या आतल्या मेमरीत असते, म्हणजे कार्ड खराब झालं तर गेम परत उतरवा, खेळ जागेवर असेल.

## काहीच मिळालं नाही तर

वाईट वाटणारच. त्या तासांमध्ये तुमची मेहनत होती, कधी मित्रांबरोबरच्या रात्री होत्या. घरच्यांनाही सांगणं आहे: 'गेमच तर होता' हे वाक्य त्या दिवशी नको. आणि चूक धाकट्याच्या हातून झाली असेल तर त्याला धारेवर धरून फाइल परत येत नाही. त्याच्यासाठी वेगळं विंडोज खातं उघडा.

त्याच रात्री पहिल्यापासून सुरू करू नका. थकलेल्या मनाने पुन्हा केलेली पहिली तीन मिशन्स गेम कायमचा सोडायला लावतात. त्याऐवजी आठवतंय तोवर लिहून काढा: कुठवर पोहोचला होतात, कोणती शस्त्रं होती, कोणते निर्णय घेतले होते.

मग मधला रस्ता शोधा. कथा असलेल्या गेममध्ये तुमच्या टप्प्यापर्यंत आलेली दुसऱ्या कुणाची सेव्ह नेक्सस मॉड्ससारख्या ठिकाणी मिळू शकते. गेमची आवृत्ती जुळते का ते बघा. डाउनलोडमध्ये ईएक्सई फाइल असेल तर ती उघडू नका. सेव्ह ही फक्त डेटा फाइल असते. एल्डन रिंगची सेव्ह स्टीम आयडीला बांधलेली असते, त्यामुळे दुसऱ्याची फाइल तशीच चालत नाही. स्कायरिममध्ये कन्सोल कमांडने लेव्हल आणि वस्तू परत घेता येतात. माइनक्राफ्टचा सीड (ज्यावरून जग तयार होतं तो आकडा) कुणा मित्राकडे लिहिलेला असेल तर, आवृत्ती तीच ठेवल्यास, तीच जमीन पुन्हा तयार होते. घर मात्र पुन्हा बांधावं लागेल.

## पुढच्या वेळेसाठी

क्लाऊड सिंक आणि बॅकअप या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक बिघडलेली फाइलही तितक्याच तत्परतेने वर नेतं. बॅकअप म्हणजे तारखेसह वेगळी ठेवलेली जुनी प्रत. त्यासाठी लुडुसावी हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते संगणकावरच्या गेमच्या सेव्ह स्वतः शोधून एका फोल्डरात जमा करतं. ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मॉड घालण्याआधी, मोठ्या अपडेटआधी, विंडोज बदलण्याआधी आणि क्लाऊडची वर्गणी संपण्याआधी एक प्रत हमखास काढा.

गेममध्ये किमान तीन स्लॉट फिरवत सेव्ह करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचा यूपीएस मोड चालू आहे ना ते बघा, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलताना संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. आणि बॅकअप घेतल्यावर एकदा तरी, जुना संपवलेला एखादा गेम निवडून, त्यातली फाइल टप्पा ८ प्रमाणे परत बसवून बघा.